थोरलीच्या नाकातली पासष्ट माणसं

काटाबाईला त्या दिवशी ड्युटी नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण "तुमचा इथे संबंध काय?" असं तिला त्या सकाळी तीनदा विचारलं गेलं आणि तिन्ही वेळा तिने एकच उत्तर दिलं, "एकतीस वर्षांचा."

काटाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. विमानतळावर तिचं काम वजनाचं, म्हणून तराजूच्या काट्यावरून कुणीतरी ते ठेवलं, आणि तिलाही आवडलं. विमान सुटायच्या आधी त्यात माणसं किती, सामान किती, इंधन किती आणि मुख्य म्हणजे कोणतं ओझं पुढे नि कोणतं मागे, हे सगळं एका कागदावर मांडायचं. त्याला म्हणतात लोडशीट. कागदावर एक तक्ता असतो. वरून पेन्सिलची रेघ सोडायची. प्रत्येक ओझ्यागणिक ती डावीउजवीकडे सरकत खाली येते. शेवटी तळाच्या चौकटीत उतरली तर विमान तोललेलं. बाहेर गेली तर विमान नाकावर आपटेल नाहीतर शेपटीवर बसेल. काटाबाईची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. एवढं असून तिची आई शेजारीपाजारी काय सांगायची? "आमची विमानतळावर कारकून आहे. बेरजा करते." काटाबाईने पहिली दहा वर्षं समजावून पाहिलं, मग नाद सोडला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

आणि थोरली म्हणजे कंपनीचं सगळ्यात मोठं विमान. चार इंजिनं, दोन मजले, शेपूट एखाद्या सहा मजली इमारतीएवढं उंच. अशी दहा होती. नऊ गेली, काही विकली, काही कापली. आता कंपनीने दोन इंजिनांची नवी विमानं घेतली होती. ती निम्मं इंधन पितात, तेवढ्याच लांब जातात आणि चारशे माणसं जमेपर्यंत खोळंबत नाहीत. काटाबाईचा त्यांच्यावर राग नव्हता. शहाणं माणूस शहाण्या यंत्रावर कशाला रागवेल? फक्त ती विमानं आपलं वजन आपणच सांगतात. त्यामुळे लोडशीटची खोली बंद झाली आणि काटाबाईला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. तिथे लोक दिवसभर तिच्यावर ओरडायचे, जणू त्यांच्या बॅगा हिनेच घरी नेल्या.

शेवटची थोरली मात्र नशीबवान निघाली. विमानतळाच्या भिंतीपलीकडे विमानदुरुस्ती शिकवणारी शाळा होती, तिने ही मागून घेतली. चार इंजिनं काढून विकली, पण बाकी थोरली सगळीच्या सगळी शाळेच्या पटांगणात उभी राहणार होती, पोरांनी शिकावं म्हणून. भिंत ऐंशी मीटर पाडून वाट केली होती. अट एकच. त्या दिवशी दहा ते बारा एवढ्या वेळातच तिला ओढून न्यायचं. बारानंतर भिंत परत बांधायला घेणार, कारण थोरलीच्या जागेवर नवी इमारत यायची होती. बारापर्यंत हलली नाही तर भंगारवाला तिथल्या तिथे कापणार, असं करारात पांढऱ्यावर काळं होतं. भंगारवाला कापायची यंत्रं घेऊन सकाळी आठपासूनच हजर होता.

निरोपाला सगळ्या कामगारांना घरच्यांसकट बोलावलं होतं. काटाबाई आईला घेऊन आली. आई एकोणऐंशीची, काडीसारखी, पण जिभेला धार.

"एवढं मोठं?" आईने मान वर करून पाहिलं. "आणि हे उडायचं?"

"उडायचं म्हणजे काय! माझ्या सहीने उडायचं."

"हो, हो. तुझ्या बेरजांनी," आई म्हणाली.

दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "ड्युटी नाही ना, मग तुमचा संबंध काय?" तो पहिला. त्याला उत्तर देऊन काटाबाई थेट थोरलीच्या नाकाखाली गेली. तिची एक जुनी सवय होती. नाकाखालच्या चाकांच्या वर जो जाड पाय असतो, त्याच्यात एक चकचकीत दांडा आतबाहेर सरकतो. नाकावर वजन असलं की दांडा आत, नसलं की बाहेर. लोडशीट द्यायला आली की ती त्या दांड्यावर हात ठेवायची. थोरली नीट भरलेली असली की दांडा चार बोटं दिसायचा.

आज तिने हात ठेवला. चार बोटं झाली, तरी दांडा संपेना. तिने अंगठा नि करंगळी ताणली. चांगली वीतभर.

नाकावर वजनच नव्हतं. काटाबाई ट्रॅक्टरकडे धावली.

हळूभाऊ ट्रॅक्टरवर बसून होता. पस्तीस वर्षं विमानं ओढणारा माणूस. "हळू, हळू" हा त्याचा जप, म्हणून हळूभाऊ. ओढायचा दांडा थोरलीला अडकवून झाला होता.

"हळूभाऊ, गाडी बंद कर."

"का गं? पावणेदहा झालेत."

"आधी बंद कर, मग विचार."

त्याने बंद केली. तेवढ्यात हे ओढून न्यायचं काम बघणारे टॅबवाले साहेब धावत आले. वय बत्तीस, काम चोख, हातातला टॅब आंघोळीलासुद्धा सोडत नसतील असा माणूस. "बाई, तुमचा इथे संबंध काय?" झालं दुसऱ्यांदा. उत्तर ऐकून ते म्हणाले, "सगळं तपासलंय. हे बघा, हिरवं आहे. इंजिनं काढल्यामुळे पुढचं वजन गेलं, म्हणून विमानाच्या पोटात, सामानाच्या पुढच्या तळघरात वाळूच्या एकशे सत्तर गोण्या ठेवल्यात. सव्वाचार टन. नोंद आहे."

"नोंद आहे हो. पण हे नाक बघा, नाक! वर कुणी आहे का आत्ता?"

"मुकादम मावशींच्या चार पोरी आहेत. मागच्या चहा-जेवणाच्या ओट्यापाशी शेवटचं पुसताहेत."

"मागच्या! एकेकीला पुढच्या दाराशी बोलवा. चालत. धावायचं नाही म्हणावं."

पोरी एकेक करून पुढे आल्या. चौघी मिळून दोनशे किलोही भरल्या नसत्या. तरी काटाबाईच्या हाताखाली दांडा बोटभर आत गेला. साहेबांनी ते पाहिलं. मग टॅबकडे पाहिलं. टॅब अजून हिरवाच होता.

"चार पोरींनी हलतंय हे," काटाबाई म्हणाली. "साहेब, तुमच्या गोण्या तिथे नाहीत."

गोण्या खरंच नव्हत्या. आणि त्या कुणी काढल्या असतील? चोराने नव्हे, आळशाने तर नव्हेच. विमानतळावर सगळ्यात कष्टाळू जे माणूस, त्याने! मुकादम मावशी, सफाईची मुख्य. बावीस वर्षं तिचा एकच नियम: विमानाचं नाही ते विमानात राहता कामा नये. टाचणी सापडली तरी ती मालक शोधायची. काल थोरलीची शेवटची सफाई. तळघरात उतरली तर धुळकट गोण्यांचा ढीग. मावशीचा जीव वरखाली झाला. थोरली शाळेत जाणार, मुलं बघणार, आणि पोटात हा कचरा? बारा जणींनी लहानशा झडपेतून हातोहात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकशे सत्तर गोण्या काढल्या. वाळू भिंतीच्या कामावर देऊनही टाकली, आणि तळघर फरशीसारखं पुसून काढलं.

"मला वाटलं इंजिनवाल्यांनी टाकलेली घाण आहे," मावशी म्हणाली. निरोप जाताच ती धावत आली होती. "काटाबाई, काय केलं मी?"

"काय केलं? हा ट्रॅक्टर पुढे सरकला असता ना, की नाक वर आणि शेपूट जमिनीवर! शाळेत कमरेतून मोडलेलं विमान गेलं असतं! सांगणारीला तोंड नव्हतं की विचारणारीला?"

मावशीने पदर डोळ्यांना लावला. मोठी बाई, सगळ्यांसमोर रडली. काटाबाईचा राग आला तसा गेला. ती जवळ गेली.

"गप्प बस. बावीस वर्षं तुझ्यासारखं कुणी पुसलं नाही, म्हणून ही इतकी वर्षं चमकली. चूकही केलीस ती कामातच केलीस. आता डोळे पूस आणि मला विचार करू दे."

दहाला पाच कमी. साहेब फोनवर फोन करत होते. मावशीच्या गोण्या भिंतीवाल्यांनी केव्हाच फोडून ढिगात ओतल्या होत्या. नवी वाळू मिळेल, पण उद्या. तळघराच्या मोठ्या दाराचं यंत्र विकून टाकलेलं, त्यामुळे जे काही आत घालायचं ते झडपेतून, हाताने. म्हणजे परत दिवसभर. भंगारवाला हळूहळू पुढे सरकत होता. माणूस वाईट नव्हता, पण यंत्रांचं भाडं त्याच्या डोक्यावर होतं. "बाई, तुम्ही कशाला थांबवलंत? तुमचा काय संबंध?" हे तिसरं. उत्तर तेच, फक्त आवाज चढलेला.

काटाबाईने आजूबाजूला पाहिलं. निरोपाला आलेली माणसं दोरीमागे उभी होती. हमाल, सफाईवाल्या, सामान चढवणारे, तिकीट खिडकीवाल्या, त्यांच्या बायका, त्यांचे नवरे. थोरलीच्या पुढच्या दाराला जिना लावलेलाच होता.

"साहेब," ती म्हणाली, "आपोआप जिना चढून जाणारं एकच वजन असतं."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते एक पाऊल मागेच सरले. "माणसं? वजन म्हणून? नियमात कुठे आहे असं?"

"नियमात माणसं रोजच वजन असतात. पंचाहत्तर किलो धरतो की नाही आपण प्रत्येकाला? आज मी धरणार नाही, मोजून घेणार आहे. आणि चालायच्या वेगाने नऊशे मीटर जायचंय, उडायचं नाहीये. हळूभाऊ, हिसका बसेल?"

"पस्तीस वर्षांत बसलाय?" हळूभाऊला रागच आला. "डोक्यावर भरला हंडा घेऊन बस, थेंब सांडला तर नाव बदलीन."

 साहेबांनी वरिष्ठांना फोन लावला आणि, हे त्यांचं कौतुक करायलाच हवं, "माझ्या जबाबदारीवर" हे शब्द दोनदा उच्चारले. फोन ठेवून म्हणाले, "बाई, आकडा सांगा."

काटाबाईने पर्स उघडली. लोडशीटची खोली बंद झाली तेव्हा कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा तिने घरी नेला होता. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. एक कागद आज पर्समध्ये होता, आठवण म्हणून थोरलीच्या नाकात चिकटवायला. तिने तो ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल काढली. साहेबांचा टॅब इंजिनाच्या रकान्यात शून्य घ्यायला तयारच नव्हता. कागदाने मुकाट्याने घेतलं. पाच मिनिटांत आकडा निघाला.

"पुढच्या दोन कक्षांत मिळून चार हजार एकशे पन्नास किलो. एक किलो कमी चालणार नाही."

मालगोदामातून सामानाचा मोठा काटा आणला. आणि मग जी काही मजा झाली! आतापर्यंत रडवेली झालेली माणसं एकदम लाजायला लागली. प्रत्येकाची झाकली मूठ सव्वा लाखाची. हमालांचा म्होरक्या छाती फुगवून चढला, एक्क्याण्णव निघाला. तिकीट खिडकीवाली म्हणाली, "बूट काढू का?" काटाबाई म्हणाली, "बूट कशाला काढतेस, असतील तर आणखी दोन घाल! आज जाडीचा दिवस आहे." बावीस वर्षं "माझं पंचावन्न" सांगणारी मुकादम मावशी अठ्ठ्याहत्तर भरली, आणि काटाबाई ओरडली, "शाब्बास! थोरलीवर उपकार केलेस!" मावशी रडता रडता हसली. साहेबांचे बहात्तर. टॅब धरून.

वर गेलेल्यांना काटाबाईने एकच ताकीद दिली होती: बसायचं, हलायचं नाही. पुढचा पहिला कक्ष सगळ्यात महागड्या तिकिटांचा. तिथल्या खुर्च्या या बायकांनी हजारदा पुसलेल्या, पण मावशीच्या राज्यात त्यांवर टेकायची कुणाची हिंमत नव्हती. आता मावशी स्वतः दारात उभी राहून सांगत होती, "बसा गं. ऐसपैस बसा. आज कामच ते आहे."

चौसष्ट माणसं झाली. दोरीमागे कुणी उरलं नाही. काटाबाईने बेरीज केली. परत केली.

चार हजार एकशे बावीस.

अठ्ठावीस किलो कमी. अकराला दहा कमी होते. हळूभाऊ ट्रॅक्टरवर हवा. पंखांच्या टोकांखाली शिट्टी घेऊन चालणारे दोघे खाली हवेत. आगीच्या बंबावरच्यांना बंब सोडता येत नाही. काटाबाईला स्वतःला नाकाच्या पायापाशी चालायचं होतं, डोळ्यांत तेल घालून. दांडा बघणारं दुसरं होतं कोण? तिने भंगारवाल्याकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. त्याच्या पोटावर पाय देणारं काम त्याला कसं सांगायचं?

"मी आहे की," मागून आवाज आला.

आई होती. खुर्चीवर बसून सगळं बघत होती.

"आई, तीस पायऱ्या आहेत. गुडघे बघ तुझे."

"तुझ्या त्या विमानाच्या पायापेक्षा बरे आहेत. घाल मला काट्यावर."

एक्केचाळीस भरली.

काटाबाईने आकडा दोनदा वाचला. मग कागदावर लिहिला. भंगारवाला पुढे आला आणि आईच्या कोपराला धरून, पायरी पायरीला थांबत, तिला वर सोडून खाली परत आला. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची मावशीने तिच्यासाठी धरून ठेवली होती.

काटाबाईने रेघ सोडली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आणि तळाशी. चौकटीच्या आत. अगदी कडेला, पण आत. खाली तिने सही केली. तिच्या शेजारी कॅप्टनच्या सहीचा रकाना होता. तो तिने हळूभाऊपुढे धरला.

"मी?"

"मग कोण? ही आज तुझ्या हातात आहे."

हळूभाऊने हात पँटला पुसले आणि सही केली. पहिल्या अक्षरावरच पेन्सिलचं टोक मोडलं, इतका जोर दिला. जिना बाजूला झाला.

थोरली हलली. कसं सांगू? हलली हे कळलंच नाही. चाकं फिरताना दिसली म्हणून कळलं. दांडा चार बोटं होता, चारच राहिला. काटाबाई पायाशेजारी चालत होती, एक हात वर धरून. साडेचार बोटं झाली तर मूठ मिटायची, हळूभाऊ थांबणार, असं ठरलेलं. वळणावर एकदा साडेचार झाली आणि तिने मूठ मिटली. थोरली थांबली. वर कुणीतरी जागेवरून उठलं होतं. मुकादम मावशीचा आवाज खालपर्यंत आला. ते कुणीतरी बसलं. दांडा आत गेला. मूठ उघडली.

भिंतीच्या खिंडारात दोन्ही पंखांना चार चार मीटर जागा होती. दोन्ही शिट्ट्या गप्प राहिल्या. शिट्टी गप्प म्हणजे सगळं ठीक. बाराला सात कमी असताना शेपूट खिंडारातून बाहेर पडलं आणि पलीकडे शाळेच्या पोरापोरींनी जो कल्ला केला! काटाबाईचे डोळे भरून आले. तिला अभिमान वाटला आणि तो तिने लपवला नाही. नवी विमानं चांगली, शहाणी, आपलं वजन आपण सांगणारी. पण ती सांगतात ते कुणी तरी आधी हाताने मोजलं होतं, आणि त्या हातांतला एक हात हा होता.

पटांगणात नाकाखाली आणि शेपटीखाली टेकू लागले, तेव्हाच तिने माणसांना उतरू दिलं. साहेब उतरले आणि तिच्यापुढे उभे राहिले. "बाई, तो कागद मला शिकवाल?"

"हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर या. जेवणाच्या सुट्टीत," ती म्हणाली. "पेन्सिल घेऊन. टॅब नको."

आई सगळ्यात शेवटी उतरली. दम लागला होता, पण बसेना. "तो कागद दाखव. मी कुठे आहे त्यात?"

काटाबाईने पेन्सिलचं मोडकं टोक चौकटीच्या कडेला टेकवलं. "रेघ इथे बाहेर होती. तू बसलीस आणि आत आली."

"आणि तू कुठे आहेस?"

"मी वर नव्हते ना, आई. खाली ही सही आहे, ती माझी."

आईने कागद डोळ्यांजवळ नेला. "यात रोज किती माणसं असायची?"

"भरलं की चारशे वीस."

"आणि ती सगळी या सहीवर?"

"हो."

"एकतीस वर्षं?"

"हो."

"मग कधी सांगितलं नाहीस ते?"

काटाबाईला हसावं की रडावं कळेना. "दहा वर्षं सांगत होते, आई."

"मग नीट सांगायचं," आई म्हणाली आणि कागद घडी न घालता छातीशी धरला.

तेवढ्यात शाळेचा पहारेकरी आला. आत कोण कोण आलंय त्याची त्याला वहीत नोंद करायची होती. काडीसारखी म्हातारी विमानाखाली उभी बघून तो जरा गोंधळला. "आजी, तुमचा इथे संबंध काय?"

आईने कागद त्याच्यापुढे धरला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"ही सही माझ्या लेकीची," ती म्हणाली. "लिही. हिची आई."